सुतातेन्साच्या फादरांचा रेडिओ

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की आपल्या चर्चच्या पॅरिश मीटिंगमध्ये पोरांनी विषय काढला, आपल्या गावाचा आपला रेडिओ काढूया, आणि लगेच दोनचार मोठ्या माणसांनी "ते आपलं काम नाही, त्याला पैसा लागतो, शिकलेली माणसं लागतात" म्हणून तो बाजूला सारला. आणि बाबा, तुम्ही मनातून पोरांच्या बाजूचे असून गप्प बसलात, का तर तुमचं शिक्षण सातवी. मला फोन ठेवल्यापासून चैन नाहीये. कारण मी आत्ता ज्या देशात राहतेय तिथे, कोलंबियात, नेमकं हेच घडलंय, एका लहानशा गावातल्या पॅरिशने रेडिओ काढला आणि तो चालवला तो जेमतेम शिकलेल्या माणसांनी. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, आवाज तुटतो, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा चष्मा अजून बदललेला नाहीये हे मला माहितीये.

मला हे पहिल्यांदा कळलं ते आमच्या घरमालकीणबाईंकडून. सत्तरीच्या पुढच्या आहेत, आपल्यासारख्याच रोज रोझरी करतात. त्यांची आई रेडिओवर वाचायला शिकली. मला आधी वाटलं माझं स्पॅनिश कच्चं म्हणून मी चुकीचं ऐकलं, पण नाही, खरंच रेडिओवर. मग मी वेड्यासारखी वाचत सुटले, बोगोटातल्या लुईस आन्हेल आरांगो लायब्ररीत या रेडिओचे सगळे जुने कागद, पत्रं, फोटो, टेप ठेवलेत, आणि मग ते गावही बघून आले.

गावाचं नाव सुतातेन्सा. बोयाका नावाच्या प्रांतात, तेन्सा दरीत. सगळा डोंगराळ भाग, मका, बटाटा, थोडी जनावरं, आणि घरं अशी लांबलांब पसरलेली की एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी पोचत नाही. गाव म्हणजे चर्च, चर्चसमोरचा चौक, आणि बाजूने थोडी घरं, बाकी सगळी माणसं डोंगरात. शाळा असली तरी पोरांना चालत जाऊन परत येणं जमायचं नाही आणि मोठ्यांना तर कोणी विचारतच नव्हतं. रविवारी मिस्साला सगळे खाली यायचे, मिस्सा झाली की चिचा, म्हणजे मक्याची दारू, पित बसायचे, मग भांडणं, मग घरी.

१९४७ साली तिथे एक तरुण असिस्टंट फादर आले, होसे होआकिन साल्सेदो. वय पंचविशीच्या जरासं पुढे. हा माणूस चिचा पिण्यावर नुसतं प्रवचन देत बसला नाही, त्याने विचार केला की या लोकांना दुसरं करायला आहे काय? म्हणून पहिल्यांदा काय केलं तर सिनेमा दाखवला, चौकात प्रोजेक्टर लावून. मग लोकांना म्हणाले, आपण गावात थिएटर बांधू. पैसे कुठून आणायचे? तर प्रत्येक घराने कोंबडी द्यायची. आई, तू हसशील, पण लोकांनी खरंच दिल्या, हजाराहून जास्त कोंबड्या जमल्या, त्या बोगोटाला नेऊन विकल्या आणि त्यातून थिएटरचं काम सुरू झालं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. रेडिओच्या आधी फादरांनी हे दाखवून दिलं की ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडेही देण्यासारखं काहीतरी असतं, आणि एकदा माणसाने स्वतःची कोंबडी दिली की ते थिएटर त्याचं होतं.

रेडिओ त्याच वर्षी. फादरांचा भाऊ जेझुइट धर्मसंघातला होता, रेडिओच्या तंत्रातला जाणकार, त्याच्याकडून घरीच बनवलेला एक छोटा ट्रान्समीटर मिळाला, साधारण ९० वॅटचा. बाबा, आपल्याकडचे मोठे बल्ब ६० नि १०० वॅटचे असायचे, म्हणजे एका बल्बाएवढी ताकद. त्यावर १९४७च्या ऑक्टोबरमध्ये गावातल्याच शेतकऱ्यांनी वाजवलेलं संगीत हवेत गेलं. पुढे डोंगरातल्या घरांमध्ये बॅटरीवर चालणारे मोजके सेट ठेवले आणि धडे सुरू झाले, अक्षरओळख, हिशेब, प्रार्थना.

आता खरी गोष्ट ऐका, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे. नुसता रेडिओ ऐकून कोणी लिहायला शिकत नाही. रेडिओतला मास्तर म्हणणार "आता अ काढा", पण अ कसा दिसतो ते रेडिओ कसं दाखवणार? म्हणून प्रत्येक ठिकाणी एक मदतनीस ठेवला. तो कोण, तर शेजारीच. बऱ्याचदा त्यालाही जेमतेम वाचता यायचं, म्हणजे बाकीच्यांपेक्षा दोन पावलं पुढे एवढंच. संध्याकाळी शेतातून आली की आठदहा माणसं एका घरात जमायची, रेडिओतला मास्तर बोलायचा आणि हा शेजारी फळ्यावर ते अक्षर दाखवायचा, कुणाचा हात धरून गिरवून घ्यायचा, खडू कसा धरायचा ते सांगायचा, कोण चार दिवस आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारपूस करायचा. पगार नाही काही नाही. अशी घरातली शाळा म्हणजे रेडिओशाळा, आणि नंतर अशा हजारो शाळा देशभर झाल्या.

आई, तू आठव, तू वाडीतल्या बायकांना ओट्यावर बसवून सही करायला शिकवायचीस, पाटी मांडीवर घेऊन, त्यातल्या काहीजणी बँकेत अंगठा द्यायच्या त्या नाव लिहायला लागल्या. तू म्हणायचीस "मी काय मास्तरीण आहे का, बसले आपली दोन घटका". सुतातेन्साची सगळी इमारत अशाच माणसांवर उभी होती. ट्रान्समीटर एक होता, पण त्या ओट्यावरच्या बायका हजारो होत्या.

पुढे ते वाढलं आणि फारच वाढलं. १९४९ला फादरांनी रीतसर संस्था काढली, आक्सिओन कुल्तुराल पोपुलार, म्हणजे लोकांचं सांस्कृतिक कार्य. १९५३ला पोप बारावे पायस यांनी या रेडिओशाळांसाठी रोमहून खास संदेश दिला, शेतकऱ्यांच्या रेडिओसाठी, विचार करा. पाच पुस्तिका होत्या, वाचनाची, हिशेबाची, तब्येतीची, शेतजमिनीची आणि पाचवी श्रद्धेची नि गावाची, आणि अशा ६० लाखांहून जास्त पुस्तिका वाटल्या गेल्या. १९५८ला साप्ताहिक पेपर निघाला, एल काम्पेसिनो, म्हणजे 'शेतकरी', जे वाचायला शिकले त्यांना पुढे वाचायला काहीतरी हवं म्हणून. आपल्याकडे चर्चच्या सुवार्ताचा अंक येतो तेव्हा बाबा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात तशीच तिथली माणसं वाचायची असणार. शिवाय गावातल्या तरुण मुलामुलींना सुतातेन्सात आणून ट्रेनिंग द्यायचे आणि परत आपापल्या गावी पाठवायचे, त्यात मुली होत्या हे मला फार मोठं वाटतं, १९५०च्या दशकात डोंगरातली मुलगी घर सोडून शिकायला जाते आणि परत येऊन गावाला सांगते की चूल जमिनीवरून वर उचला, पाणी उकळा, संडास बांधा.

आणि पत्रं! लोक रेडिओला पत्रं लिहायचे, बटाट्यावर कीड पडली काय करू, पोराला ताप येतो, गाण्याची फर्माईश, काहीही. जे काल अंगठा द्यायचे ते आज पत्र लिहितात. संस्थेने १२ लाखांवर पत्रांना उत्तरं दिली. मी लायब्ररीत त्यातली काही पाहिली, वेडीवाकडी अक्षरं, ओळ सरळ नाही, पण शेवटी पूर्ण नाव, ठसठशीत. मला तिथे बसून रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सगळं गोडगोड लिहीत नाहीये मी, मला खटकलेलंही सांगते. सुरुवातीला जे सेट दिले ते फक्त सुतातेन्साच लागेल असे होते, दुसरं स्टेशन लागायचंच नाही. स्वस्त पडायचे हे खरं, पण माणसाला शिकवायचं आणि कान मात्र एकाच आवाजाला बांधायचे, हे मला पटत नाही. दुसरं म्हणजे १९४८च्या एप्रिलमध्ये बोगोटात गाइतान नावाच्या मोठ्या लोकप्रिय पुढाऱ्याचा खून झाला आणि पुढे कितीतरी वर्षं खेड्याखेड्यात दोन पक्षांच्या माणसांनी एकमेकांना मारलं, त्या काळात हा रेडिओ वाढला, आणि तेव्हाच्या सरकारला चर्चचा शांत शिकवणारा रेडिओ सोयीचा होता. जमीन कुणाची, हा प्रश्न रेडिओने जितका विचारायला हवा होता तितका विचारला नाही असं माझं मत आहे. घरमालकीणबाईंना हे पटत नाही, त्या म्हणतात आधी वाचायला तर येऊ दे, मग माणूस प्रश्न आपला आपण विचारतो. त्यांच्या आईने विचारले म्हणतात.

मग हे बंद का पडलं? कारण बरीच. ९० वॅटवरून ते शेकडो किलोवॅटवर गेले, बोगोटा, काली, बारांकिया अशा शहरांत मोठमोठी स्टेशनं, स्वतःचा छापखाना, बोगोटात इमारत, आणि या सगळ्यासाठी परदेशी मदत आणि कर्ज. १९६०च्या दशकात त्यांनी मुलं किती होऊ द्यायची याचा नवराबायकोने जबाबदारीने विचार करावा असं रेडिओवर सांगायला सुरुवात केली, त्यावरून काही बिशप नाराज झाले. बाहेरची मदत आटली, सरकारी पैसा कमी झाला, व्यापारी रेडिओ आणि टीव्ही आले, खेड्यातली माणसं शहरात गेली. शेवटी १९८९ला स्टेशनं काराकोल या खासगी रेडिओ कंपनीला विकावी लागली. साल्सेदो १९९४ला वारले. संस्था मात्र आहे अजून, आता शेतकऱ्यांसाठी इंटरनेटवर शाळा चालवते.

बाबा, माझं सरळ म्हणणं असं की वाढण्यात त्यांचं चुकलं नाही, पण जेव्हा खर्च एवढा मोठा झाला की तो कोंबड्यांतून भागणं शक्यच नव्हतं, तेव्हाच ते दुसऱ्यांच्या हातात गेलं. म्हणून मीटिंगमधली मोठी माणसं "पैसा लागतो" म्हणतात तेव्हा मला भीती पैसा नसण्याची नाही वाटत, कुणीतरी एकदम भरपूर पैसा देईल याचीच वाटते.

आणि आपल्याकडे तर कायद्यानेच हे लहान ठेवलंय, एका अर्थी बरंच आहे. १९९५ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, आणि २००६पासून कॉलेजांशिवाय इतर संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचं लायसन्स मिळतं. ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे बघा, सुतातेन्साच्या पहिल्या ट्रान्समीटरएवढीच! दहापंधरा किलोमीटर आवाज जातो, आपल्याला त्याच्यापुढे जायचंय कशाला? निम्मे तरी कार्यक्रम गावातच झालेले हवेत असा नियम आहे. आपल्या महाराष्ट्रात म्हसवडला माणदेशी बायकांचा आहे, आणि केरळात वायनाडला मानंतवाडी डायोसिसच्या समाजसेवा संस्थेने २००९ला रेडिओ माट्टोली काढला, ९०.४ वर, तिथे आदिवासींच्या त्यांच्या त्यांच्या भाषेत कार्यक्रम होतात. म्हणजे चर्चची माणसं हे आत्ता करतायत, आपल्याच देशात.

अहो बाबा, पुण्याजवळ तर १९५६लाच झालंय असं काहीसं. आकाशवाणी आणि युनेस्कोने मिळून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली होती, रेडिओ ऐकायचा आणि ऐकून झाल्यावर बसून बोलायचं, चर्चा करायची. ऐकून झाल्यावर बोलायचं, हेच महत्त्वाचं. आपल्याकडे रेडिओ आला तर तो नुसता स्पीकरवर भजनं लावायला नको.

म्हणून माझं मागणं आहे की पुढच्या मीटिंगला तुम्ही बोला. तुम्हाला पानवेलीचं, केळीचं जे कळतं ते कुठल्या शिकलेल्या माणसाला कळतं? खारं पाणी विहिरीत चढायला लागलं तेव्हा काय केलं, सुकेळी कशी वाळवायची, कुठल्या महिन्यात काय छाटायचं, हे तुमच्या तोंडून आपल्या बोलीत ऐकायला मिळालं तर दुसरं काय हवं. आईची लग्नातली गाणी तर आहेतच. आणि पाड्यावरच्या माणसांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, त्यांच्या बोलीत त्यांचा तास हवा, आणि गावातल्या हिंदू शेजाऱ्यांचाही, नाहीतर तो गावाचा रेडिओ कसला, तो फक्त आपला होईल. साल्सेदोंच्या गावात सगळेच कॅथलिक होते, आपल्याकडे तसं नाही, आणि लायसन्सही रजिस्टर्ड सोसायटीला नाहीतर ट्रस्टला मिळतं जिने गावासाठी काम केलंय.

तेव्हा आधी एवढंच विचारा की पॅरिशची जी सोसायटी आहे ती रजिस्टर होऊन तीन वर्षं झालीत का, तेवढी लागतात. बाकीचे फॉर्म मी इथून बघते. आणि लायसन्सला वेळ लागेल तोवर पोरांना सांगा मोबाईलवर रेकॉर्ड करून आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर दहा माणसं जमवून ऐकवा, मग बोलू द्या सगळ्यांना. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसाही नाही.

आई, गुडघ्याचं तेल पाठवते म्हणालेय ते ओळखीचं कुणीतरी मुंबईला येतंय त्यांच्याबरोबर देते. बाबा, चष्मा बदला. मीटिंगमध्ये काय झालं ते रविवारी फोनवर सांगा, मिस्सा झाल्यावर करा, तेव्हा इथे रात्र असते पण मी जागी राहीन.

तुमची,
बाय