टेनिसपटूंच्या कमाईचे आकडे छापताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना झाला की विजेत्याची ‘वार्षिक कमाई’ ठळक चौकटीत छापण्याचा प्रघात आहे आणि आपले क्रीडापानही त्याला अपवाद नाही. त्या रकमेतला थोडा भाग जाहीर नोंदींतून घेतलेला असतो, तर बराच मोठा भाग कोणीतरी बांधलेला अंदाज असतो. वाचकापर्यंत मात्र दोन्हींची बेरीजच पोहोचते. हा फरक आकड्यासोबत छापला जावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बक्षिसांच्या रकमा एटीपी आणि डब्ल्यूटीए या अनुक्रमे पुरुष आणि महिला व्यावसायिक टेनिसच्या संघटना स्वतः प्रसिद्ध करतात, त्यामुळे तिथे तर्काला वाव नाही. मात्र ती रक्कम कर आणि खर्च वजा होण्यापूर्वीची असते. २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या एकेरीतील विजेत्यांसाठी प्रत्येकी ५० लाख डॉलरचे बक्षीस होते. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या अशा उत्पन्नातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापून घेतला जातो. म्हणजे अंतिम हिशेब नंतर काहीही होवो, १५ लाख डॉलर तिथल्या तिथेच बाजूला पडतात. उरलेल्या रकमेतून प्रशिक्षकाचे मानधन (बहुधा बक्षिसातील टक्केवारीसह), फिजिओ आणि फिटनेस ट्रेनर यांचे पगार आणि या सगळ्या चमूचा वर्षभराचा विमानप्रवास भागवायचा असतो. ब्रिटनमध्ये तर तिथे खेळायला येणाऱ्या परदेशी खेळाडूच्या जाहिरात करारांच्या उत्पन्नातील काही हिश्श्यावरही कर बसतो. अमेरिकन टेनिसपटू आंद्रे अगासीने त्याविरुद्ध हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायपीठ) दाद मागितली आणि २००६ मध्ये तो दावा हरला.

खरी अडचण आहे ती टेनिस कोर्टाबाहेरच्या, म्हणजे जाहिरात करारांसारख्या उत्पन्नाची. ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकाच्या सर्वाधिक कमावणाऱ्या खेळाडूंच्या २०२० च्या यादीत रॉजर फेडरर जगातील सर्व खेळांतील खेळाडूंमध्ये पहिला आला. त्याची कमाई १०.६३ कोटी डॉलर दाखवली होती, पण त्यात बक्षिसांचे जेमतेम ६३ लाख होते आणि उरलेले १० कोटी हा करारांविषयीचा अंदाज होता. शंभरातले चौऱ्याण्णव डॉलर अंदाजाचे असताना त्या बेरजेला दशांश चिन्हानंतरचे अंक लावून अचूकतेचा भास निर्माण करणे योग्य वाटत नाही. शिवाय त्या यादीचे वर्ष जून ते जून असे होते, त्यामुळे २०१९ च्या विम्बल्डनमधील उपविजेतेपदाची रक्कमही तिच्यात आली. हा कालावधी सांगितलाच नाही, तर २०२० मध्ये जेमतेम एक स्पर्धा खेळलेल्या माणसाने एवढी बक्षिसे कधी मिळवली, असा प्रश्न वाचकाला पडणारच.

हा अंदाज किती नाजूक पायावर उभा असतो, हे फेडररच्याच युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीशी २०१८ मध्ये झालेल्या करारावरून दिसते. दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर, अशी बातमी जगभर आली. ते वर्षाला ३ कोटी, असा भागाकार लगेच केला जातो. पण पैसे समान हप्त्यांत मिळतात की नाही, हे करार पाहिल्याशिवाय कोणाला सांगता येणार? अनेक करारांत क्रमवारी घसरली किंवा ठरलेल्या संख्येइतक्या स्पर्धा खेळता आल्या नाहीत तर रक्कम कमी करण्याची कलमे असतात, तसेच मोठे विजेतेपद मिळाल्यास बोनसही असतो. युनिक्लो टेनिसचे बूट बनवत नसल्याने बुटांचा व्यवहार फेडररला वेगळा करता आला आणि २०१९ मध्ये त्याने ‘ऑन’ या स्विस कंपनीत गुंतवणूक केली. ती कंपनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. तिथल्या भावानुसार त्याच्या हिश्श्याची जी किंमत होते ती त्याची संपत्ती आहे. शेअर विकेपर्यंत तिला त्या वर्षाची कमाई म्हणता येणार नाही. बातम्यांत मात्र या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

दुसऱ्या बाजूने काही पैसा अधिकृत नोंदीत येतच नाही. इटलीच्या यानिक सिनरने २०२४ मध्ये अमेरिकन ओपन जिंकून ३६ लाख डॉलर मिळवले आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आत रियाधमधील प्रदर्शनीय स्पर्धा जिंकून, बातम्यांनुसार, ६० लाख. ही दुसरी रक्कम एटीपीच्या बक्षिसांत धरली जात नाही. एटीपी २५० आणि ५०० दर्जाच्या (म्हणजे तुलनेने लहान) स्पर्धा नामवंत खेळाडूंना केवळ सहभागासाठी जे मानधन देऊ शकतात, तेही सहसा जाहीर होत नाही. त्यामुळे छापलेला अंदाज नेहमी फुगवलेलाच असतो असे माझे म्हणणे नाही. तो बराच कमीही असू शकतो.

म्हणून विनंती अशी की बक्षिसांची रक्कम आणि कोर्टाबाहेरच्या उत्पन्नाचा अंदाज स्वतंत्रपणे द्यावा, अंदाज कोणाचा व कोणत्या बारा महिन्यांचा आहे ते लिहावे आणि आकडा कर व एजंटचे कमिशन वजा होण्यापूर्वीचा असल्यास तसे नमूद करावे. त्यासाठी चौकटीत दोन ओळी पुरतील. जागेची अडचण असेल तर वर्षाच्या कमाईला मिनिटांनी भागून ‘मिनिटाला इतके डॉलर’ सांगणारी ओळ खुशाल वगळावी.

कळावे,
आपल्या दैनिकाचा एक वाचक