सुध्या, शिव्या घाल पण आधी वाच

प्रिय सुध्या,

दिवाळीच्या मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला, माहितीये. तब्येत बरी, शुगर गोळीवर चाललीये. आता ऐक, हे घरात बोलायची सोय नाही.

पायभात्याचा ऑर्गन घेतला. म्हणजे 15 हजार जीपे केलेत, 30 रविवारी द्यायचेत. मिरजेत एक वाडा पाडतायत, तिथे जिन्याखाली पडला होता, वर लोणच्याच्या बरण्या. झाकण उघडलं तर सोनेरी अक्षरं, एस्टी, ब्रॅटलबरो. आपल्या मंडळाचा होता तीच कंपनी रे! हिला म्हटलं एस्टीचं बघतोय, तिला वाटलं पुण्याची गाडी. मी दुरुस्त केलं नाही.

तो मालक 60 म्हणत होता, का तर म्हणे बालगंधर्वांच्या कंपनीतला आहे. विकायला निघालेला प्रत्येक ऑर्गन त्यांच्याच कंपनीतला असतो, सगळे खरे धरले तर नुसत्या ऑर्गनला मालगाडी लागली असती. वर दुर्मिळ म्हणे! मी म्हटलं, अहो अमेरिकेत एस्टीवाल्यांनी 5 लाखांच्या वर बनवलेत. आला 45 वर. फार हुशार वाटलं मला, पण रात्री झोप लागेना, कारण ती एस्टी कंपनी 1960 ला बंद पडलीये आणि आता काही मोडलं तर मी कुणाच्या दारात जाणार?

आवाजाचं सांगतो. 61 पट्ट्यांतल्या 9 मुक्या. एक पितळी सूर बाहेर ओढला तर त्यात कुंभारमाशीचं घर, टाचणीने कोरलं, फुंकर मारली, परत बसवला आणि तो असा बोलला की बरण्या उचलणारी बाई थांबली. आवाज थरथरवणारा तो व्हॉक्स ह्यूमानाचा पंखा अजून फिरतो! पण भाता गेलाय. पाय मारून थांबलो, 7 मोजेपर्यंत दम संपला. हा हवा आत ओढणारा, आपल्या हातपेटीसारखा बाहेर ढकलणारा नाही, त्यामुळे पेटीवाल्यांतलेही निम्मे लोक हात लावत नाहीत. कापडाचा खर्च वेगळा, टेम्पो वेगळा, आणि हे सगळे पैसे बाथरूमच्या लीकेजचे. खालचे कुलकर्णी रोज छत दाखवायला बोलावतात.

आणि हो, मी खाली झोपून टॉर्च मारला. डाव्या ढोपराने ढकलायच्या पट्टीमागे तू ब्लेडने कोरलेलं, ते बघायला. नाहीये. आपला नाही हा. आपला साडेतीन हजाराला गेला आणि सही माझी होती, तू त्या मीटिंगमधून उठून गेलास ते बरोबरच होतं, फक्त जाताना मन्याचा चहा सांडलास ते नव्हतं. जागा नव्हती रे, पावसात भिजत होता तो. पण हेही मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही.

चिनूचा व्हिसा झाला का? वहिनींचं ढोपर? नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे ना?

अप्पा भात्याला कुठलं कापड लावायचे, छत्रीचं का रबराचं? तुलाच आठवत असणार, कात्री तुझ्या हातात असायची. रविवारच्या आत फोन कर. 30 हजार देऊ का नको एवढंच सांग, बाकीच्या शिव्या नंतर.

तुझा,
नंदू