गव्हर्नर मॅडम, लोबोंची स्की टीम परत आणा

मा. गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम मॅडम,
न्यू मेक्सिको राज्य

नमस्कार. इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला वेगळं पाठवलंय, हे मराठीतलं आपल्या इकडच्या-तिकडच्या मंडळींसाठी, कारण स्कीइंग म्हटलं की आपल्याकडे गुलमर्गचे फोटो आठवतात आणि विषय तिथेच संपतो.

जुलै २०१८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिकोच्या (लोबो हे तिच्याच टीमांचं नाव) रीजंट्सनी, म्हणजे कारभारी मंडळाने, मुलांचं सॉकर, मुलींचं बीच व्हॉलीबॉल आणि मुला-मुलींचं स्कीइंग बंद करायचा ठराव केला. कारणं दोन सांगितली, बजेटमधला खड्डा आणि टायटल नाइन, म्हणजे मुला-मुलींना समान संधी द्यायचा कायदा. तेव्हा तुम्ही गव्हर्नर नव्हतात हे मान्य, पण रीजंट नेमतं कोण, तर गव्हर्नर. म्हणून पत्र तुम्हाला.

आता बघा, या युनिव्हर्सिटीने एनसीएएचं (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं) पहिलं टीम टायटल कशात जिंकलं? बास्केटबॉलमध्ये नाही, फुटबॉलचं तर नावच नको. स्कीइंगमध्ये, २००४ साली. त्यानंतर २०१५ आणि २०१७ ला मुलींनी क्रॉस-कंट्री रनिंगमध्ये जिंकलं. म्हणजे तीन नॅशनल टायटल, त्यातलं पहिलं ज्या खेळाने आणून दिलं तोच कापला. वाळवंटातल्या राज्याने डेन्व्हर, कोलोरॅडो, यूटा असल्या बड्या लोकांना बर्फावर हरवलं होतं हो!

आणि ते बडे म्हणजे किती बडे, ते सांगितल्याशिवाय २००४ ची किंमत कळणार नाही. कॉलेजच्या पोरांनी स्कीवर शर्यती लावायची हौस जुनी आहे, ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये भिडतायत, अमेरिकेत डार्टमथच्या आउटिंग क्लबने १९०९ पासून हे वेड पसरवलं. पण एनसीएएची ऑफिशियल चॅम्पियनशिप सुरू झाली १९५४ ला, नेवाडात रीनोजवळ स्लाइड माउंटनवर, आणि पहिल्याच वर्षी जिंकलं डेन्व्हर. त्यांचा कोच विली शेफलर, जर्मनीतून आलेला, कडक माणूस, त्याने एकट्याने डेन्व्हरला १३ टायटल मिळवून दिली. मग १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षं कोलोरॅडो, त्यातलं १९७६ चं तेवढं डार्टमथबरोबर वाटून घ्यावं लागलं. त्यानंतर यूटा, व्हरमाँट, परत डेन्व्हर. सत्तर वर्षांत ही ट्रॉफी उचललेली कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यात आपलं नाव आहे.

खेळही किती बदलला बघा. सुरुवातीला डाउनहिल, स्लालम (खांबांमधून वळणं घेत उतरायचं), क्रॉस-कंट्री आणि स्की जंपिंग असं सगळं असायचं, एकच पोरगा उतारावरून सुसाट खाली यायचा, जंगलातून दम लागेपर्यंत पळायचा आणि वर उंच उडीही मारायचा. सत्तरच्या दशकात डाउनहिल जाऊन जायंट स्लालम आलं, १९८० नंतर जंपिंग बंद. आणि १९८३ ला माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट झाली, मुली आल्या, आणि नुसत्या आल्या नाहीत तर मुलांचे आणि मुलींचे पॉइंट एकत्र करून एकच ट्रॉफी. बारा जणांची टीम, सहा मुलगे सहा मुली, त्यातले निम्मे अल्पाइन म्हणजे उतारावरचे, निम्मे नॉर्डिक म्हणजे क्रॉस-कंट्रीचे. मुलींनी कच खाल्ली तर मुलं कितीही वेगाने धावली तरी टायटल नाही, आणि उलटही तसंच. म्हणून टायटल नाइनचं कारण ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. समान संधीचा कायदा पाळायचा म्हणून जो खेळ मुळातच अर्धा-अर्धा आहे तोच बंद! आकड्यांच्या टेबलमध्ये ते बसत असेलही, मी नाही म्हणत नाही.

मग लोक म्हणतात टीममध्ये सगळे नॉर्वे-स्वीडनचे, न्यू मेक्सिकोच्या पोरांना काय फायदा. खरंय, परदेशी मुलं भरपूर असतात. पण ते आजचं नाही. चिहारू इगाया नावाचा जपानी मुलगा डार्टमथला शिकत होता, कॉलेजकडून चॅम्पियनशिप जिंकायचा, आणि १९५६ ला कोर्टिनात स्लालमचं सिल्व्हर घेऊन आला, विंटर ऑलिंपिकमधलं जपानचं पहिलं मेडल. त्यामुळे डार्टमथचं काय बिघडलं? आणि घरच्या पोरांचंही याच वाटेने झालं, बिली किड आणि जिमी ह्यूगा, १९६४ ला इन्सब्रुकमध्ये स्लालमचं सिल्व्हर आणि ब्राँझ, दोघं कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचे, आणि कोचही तिथलाच, बॉब बीटी.

सगळ्यात मला बोचतं ते नेवाडाचं. १९५४ ची पहिली चॅम्पियनशिप ज्यांच्याकडे झाली त्या रीनोच्या युनिव्हर्सिटीने २०१० ला बजेटपायी स्कीइंग बंद केलं, आता ते फक्त इतिहासात यजमान. आपलंही तेच करून ठेवलंय.

बर्फ कमी झालाय हे मलाही दिसतं, इथल्या सांडिया पीककडे बघून काही बोलायची सोय राहिली नाही. पण स्कीइंगला टाओस आहे, सांता फेचा डोंगर आहे, आणि शर्यती तशाही कोलोरॅडो, यूटा, मोंटानाला फिरूनच होतात. पैशाचं म्हणाल तर २०१८ ची गोष्ट वेगळी होती, त्यानंतर तेल-गॅसच्या पैशाने राज्याची तिजोरी कशी भरली ते तुम्हाला मी काय सांगणार, त्याच पैशाच्या जोरावर तुम्ही २०२२ ला कॉलेजची ट्यूशन माफ केलीत, आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं आज त्यावर शिकतायत. हे करू शकलात तर बारा जणांची टीम म्हणजे काही डोंगर नाही.

म्हणून मागणी एवढीच, टर्म संपायच्या आत नवीन रीजंट नेमताना त्यांना स्कीइंगबद्दल विचारा, आणि टीम परत आणायला वर्षाला किती लागतील याचा हिशोब युनिव्हर्सिटीकडून लेखी मागवून तो लोकांसमोर ठेवा. आकडा परवडण्यासारखा नसेल तर तसं उघड सांगा, वाद तिथेच मिटेल. परवडण्यासारखा असेल तर पुढच्या बजेटमध्ये टाका.

कळावे,
अल्बुकर्कीतला एक मराठी टॅक्सपेअर