डेस्मोसिन पावडरीतून मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलास्टिन या प्रथिनाची पावडर रोज दुधातून घेतल्यास त्वचेचा आणि रक्तवाहिन्यांचा गेलेला लवचीकपणा परत येतो, कारण तिच्यात डेस्मोसिन हे अमिनो आम्ल असते, असे आपल्या आरोग्य पुरवणीतील एका लेखात म्हटले आहे. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे वाचून गप्प बसवत नाही.

डेस्मोसिनचा शोध 1963 मध्ये केंब्रिज येथे पार्ट्रिज, एल्सडेन आणि थॉमस यांनी लावला, तो गुरांच्या मानेतील अस्थिबंधावर काम करताना. गाय दिवसभर चरते तेव्हा तिच्या जड डोक्याचा भार हाच बंध तोलून धरतो. मी तो हाताळलेला आहे. दोरखंडासारखा जाड, पिवळसर, आणि ओढून सोडला की रबराप्रमाणे चटकन आखडणारा. हा पिवळेपणा इलास्टिन या प्रथिनाचा आहे.

प्रथिने रचताना पेशी जी अमिनो आम्ले वापरते त्यांत डेस्मोसिन नसतेच; जनुकांत त्याच्यासाठी संकेतही नाही. इलास्टिनच्या साखळ्या पेशीबाहेर येऊन शेजारी-शेजारी बसल्या की त्यांच्यातील लायसिन या अमिनो आम्लाच्या तीन घटकांवर लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) क्रिया करते, त्यांना चौथे लायसिन येऊन मिळते आणि चौघांचे मिळून एक कडे जुळते; तेच डेस्मोसिन. साखळ्या ताणल्या जाऊनही एकमेकींपासून निसटत नाहीत आणि ताण सुटताच मूळ जागी येतात, त्या या कड्यांमुळे. या विकराला तांबे लागते. आहारात तांबे न मिळालेल्या डुकरांच्या पिलांची महाधमनी फुटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ही वीण जागच्या जागीच घालावी लागते, आणि बाहेरून खाल्लेले तयार डेस्मोसिन तिच्यात बसवण्याची कोणतीही सोय शरीरात नाही.

आपले बहुतेक इलास्टिन जन्माच्या आधी आणि बालपणी तयार होते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ताणली जाणारी महाधमनी आणि प्रत्येक श्वासाबरोबर फुगणारे फुफ्फुसातील वायुकोश यांना तेच धागे जवळजवळ जन्मभर पुरवायचे असतात. विडी-सिगारेटच्या धुराने फुफ्फुसात पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातून सुटणारे इलास्टेज नावाचे विकर हे धागे कातरते, आणि त्याला आवर घालणारे अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रथिनही धुरामुळे निकामी होते. तुटलेल्या धाग्यांतील डेस्मोसिन पुन्हा वापरले जात नाही, ते लघवीवाटे बाहेर जाते. म्हणूनच फुफ्फुसाची झीज मोजण्यासाठी संशोधक लघवीतील डेस्मोसिन तपासतात. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पण वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या आपल्याकडच्या बायकांना दम्यासारखी धाप लागते, तिच्यामागेही धूरच असतो.

त्या लेखाची दुरुस्ती कृपया त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी, आणि पावडरीला दिली तेवढी जागा पुढच्या अंकात चुलीच्या धुराला द्यावी, ही विनंती.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे