आजींचा चष्मा कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

ज्येष्ठांसाठी स्पेशालिस्ट डॉक्टर हवेत असं हल्ली सगळेच बोलतात. हवेतच, पण त्याआधी वॉर्डातल्या सिस्टर, मामा, मावशी यांना कोण शिकवणार, हे कुणी विचारतच नाही, म्हणून लिहितेय.

श्रावणात आमची आई, वय ७९, बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन एकदम छान झालं, तक्रार नाही. पण दुसऱ्या रात्री आई भलतंच बोलायला लागली, दूध उतू चाललंय गॅस बंद करा म्हणे, सलाईन ओढतेय, मला ओळखेना. सिस्टर म्हणाल्या, "आजी, गप झोपा," आणि बँडेजच्या पट्टीनं हात कॉटला बांधले, वर झोपेचं इंजेक्शन. सकाळी डॉक्टर राउंडला आले तर म्हणे वयामुळं होतं असं. मी ऐकून घेतलं, मला तरी काय माहिती.

हे वेड नाही आणि म्हातारचळ तर नाहीच. याला डिलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर कितीतरी वेळा होतो. हात बांधून, झोपेची औषधं देऊन उलट वाढू शकतो. (काही जण तर नुसते गप्प पडून राहतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.)

तिसऱ्या दिवशी पेशंटच्या सेवेला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी आल्या, आठवी शिकलेल्या. आल्या आल्या पहिलं वाक्य, "आजींचा चष्मा कुठाय?" चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनच्या वेळी काढून दिलेलं, माझ्याच पर्समध्ये पडलेलं, तीन दिवस!! म्हणजे आईला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, त्यात ट्यूबलाइट रात्रभर चालू. मावशींनी दोन्ही लावलं, पडदा सरकवला, सिस्टरांना विचारून उशीला टेकवून बसवलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "आज नागपंचमी हाय आजी, तुमच्याकडं दिंडं तळत्यात व्हय?" आई ताडकन म्हणाली, "आज तळायचं नसतं, उकडायची." अजून दोन दिवस लागले, पण तिथून आई परत यायला लागली.

नंतर शोधून वाचलं तर अमेरिकेत येल इथं डॉ. शॅरन इनोये यांच्या टीमनं १९९९ मध्येच हे दाखवून दिलंय. सत्तरीपुढचे ८५२ पेशंट घेतले, त्यातल्या निम्म्यांच्या बाबतीत चष्मा, श्रवणयंत्र, शांत झोप, गप्पा, लवकर हालचाल अशा गोष्टींवर लक्ष दिलं, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत डिलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं तिथं यांच्यात ९.९ टक्केच निघालं. आमच्या मावशींना हे एका घरी आजोबांची सेवा करताना कळलं, सिस्टरांना तीन वर्षांच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नसावं असं वाटतं. त्यांना दोष देत नाही हां, रात्री एकट्या बाई आणि अख्खा वॉर्ड.

आपल्याकडं चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धांच्या आजारांचं एमडी १९९६ पासून आहे, केंद्राचा वृद्ध आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड असावा असंही त्यात लिहिलंय. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात दहातला जवळपास एक जण साठीपुढचा होता. मग नर्सिंगच्या मुलींची दोन आठवडे ड्युटी वृद्धांच्या वॉर्डात लावायला काय हरकत आहे? ब्यूरोच्या मावशींना सरकारी हॉस्पिटलात महिनाभराचं ट्रेनिंग द्या, सर्टिफिकेट द्या म्हणजे पगारही वाढेल. बारा तासांचे पैसे आमच्याकडून ब्यूरो घेतं, त्यांच्या हातात किती पडतात ते विचारलं तर हसल्या नुसत्या.

आणि ॲडमिशनच्या फॉर्मवर दागिने काढून दिले का असा रकाना असतो, त्याच्याखाली चष्मा आणि मशीन परत घातलं का, एवढी एक ओळ टाका. त्याला तर बजेटही लागत नाही.

एक वाचक, सांगली