देवबागच्या तीन खोल्या

पुणे,
१२ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, फोटोही. पडवीकडच्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलंस, सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीसाठी अर्जही केलास, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढच्या पानावर खरेदीची यादी दिसली आणि गप्प बसवेना. ५५ इंची टीव्ही, खोलीगणिक फ्रीज, बाथरूमला काचेची भिंत, आणि फाटकावर ‘येवा, कोकण आपलोच असा’ची पाटी! पाटी तर मुळीच नको. कुडाळ स्टेशनापासून तुझ्या फाटकापर्यंत माणूस तेवढंच वाचत येतो.

मी बँकेच्या तपासणी खात्यात २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी लॉजवर. हॉटेलचं शास्त्र शिकलो नाही, पण त्याचे वण नडगीवर आहेत. खरंच आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी रात्री दोनला उठलो, तर दिव्याचं बटण पार दाराशी. चाचपडत निघालो आणि लोखंडी टीपॉयवर आपटलो. शेवटी दाराशी पोचलो, तर बोर्डावर नऊ बटणं. पहिल्यानं पंखा बंद झाला, दुसऱ्यानं बाहेर घंटी वाजली आणि पोऱ्या डोळे चोळत दारात! म्हणून तुझ्या यादीत पहिलं लिही: उशाशी बटण. टू-वे स्विच लाव, म्हणजे तोच दिवा दारातूनही लागेल आणि पडल्यापडल्याही. त्याच्याच शेजारी मोबाइलचा प्लग. वायरमन अजून घरात आहे तोवर करून घे, नंतर भिंत फोडायला तुझा जीव होणार नाही.

आता तुमच्या बाजूचं बघ. देवबागला माणूस टीव्ही बघायला येत नाही. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तो दिवसभर पाण्यात असणार. स्कूबा करून, डॉल्फिन बघून, पोरांना खेळवून संध्याकाळी परत येईल तो ओला आणि वाळूनं भरलेला. तर फाटकाच्या आत, पायऱ्यांच्या आधी, गुडघ्याइतक्या उंचीवर एक नळ आणि उभं राहायला जांभ्याचा चिरा. आणि मागच्या अंगणात दोरी, भरपूर चिमटे. चांगल्या महागड्या रिसॉर्टमध्येही मी बायकांना ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांना, एकदा तर टीव्हीच्या कोपऱ्याला अडकवताना पाहिलंय (ती आमचीच मंडळी होती, सांगू नकोस). बाथरूमच्या दारामागे दोन नव्हे, चार खुंट्या. माणसं चार येतात आणि खुंटी एक, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तुमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आठवतंय? साबणाला फेस येत नाही आणि पाहुण्याला वाटतं साबणच वाईट. तेवढे दिवस बाथरूममध्ये झाकणाची एक कळशी गोड्या पाण्याची ठेव, शेवटचे दोन तांबे त्यातले. हे कुठल्याच पंचतारांकित हॉटेलात मिळणार नाही. गरम पाण्याचंही तसंच. टाकी गच्चीवर आणि नळ लांब असला, तर नळीत साचलेलं थंड पाणी आधी बाहेर येतं. पाहुणा हात लावून बघतो, ‘गिझर बिघडलाय’ म्हणून ओरडतो आणि बंद करतो. पाहुणा आला की सांगूनच टाक, ‘पहिली अर्धी बादली गार येईल, फेकू नका.’

टॉवेल रोज धुवायचे की नाही, हे तू विचारलंस. पाणी कमी असताना नकोच. पण ‘पर्यावरण वाचवा’ असं छापून काही होत नाही. अमेरिकेत काही संशोधकांनी एका हॉटेलात हेच तपासलं होतं, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिलेल्या चिठ्ठीचा परिणाम निसर्गाच्या नावानं केलेल्या विनंतीपेक्षा जास्त झाला. चार लोक करतात म्हटलं की आपणही करतो, हे लग्नाच्या पंगतीत आपल्याला केव्हाच कळलंय. मात्र खरंच करत असतील तरच लिही.

जपानमध्ये जुन्या पद्धतीची रयोकान नावाची उतरायची घरं असतात. पाहुणा आला की खोलीत त्याच्यापुढे हिरवा चहा आणि त्या गावची मिठाई येते. आपल्याकडे गूळपाणी होतंच की! तुझ्याकडे तर मालवणी खाजं आहे. पितळी ताटलीत दोन तुकडे आणि माठातलं पाणी, नावनोंदणीच्या आधी. आधारकार्ड दहा मिनिटांनी मागितलंस तर काही बिघडत नाही.

वेळांचं मात्र नीट ठरव. रात्रीच्या कोकणकन्येनं निघालेला माणूस सकाळीच तुझ्या दारात उभा राहणार आणि तू म्हणणार, खोली बाराला. मग तो ओटीवर बॅगेवर बसून राहतो. त्याची सुट्टी तिथेच आंबते. परतीची गाडीही रात्रीची, म्हणजे खोली सोडल्यावर दिवसभर सामान आणि ओले कपडे घेऊन तो फिरणार कुठे? गोठ्याकडची जुनी न्हाणी दुरुस्त कर आणि ती कोणाच्याही खोलीला जोडू नकोस. आधी आलेला, उशिरा जाणारा, दोघांनाही ती मोकळी. टीव्हीचे पैसे तिथे घाल.

जेवणाबद्दल मी वहिनींना काय सांगणार! एकच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, हे आमच्या पुण्याच्या लोकांना ठाऊक नसतं. ते जुलैत येऊन सुरमई मागतील. फोनवरच सांगा की नाही, खाडीचं मिळेल ते किंवा सुकं. खोटी ‘ताजी’ सुरमई वाढू नका.

शेगावच्या भक्तनिवासात उतरलोय मी. खोली साधी, पण चादर अशी स्वच्छ की झटकायचंही मनात येत नाही. सेवेकरी येणाऱ्याजाणाऱ्याला ‘माउली’ म्हणतात. तू तसं म्हणू नकोस, तुझ्या तोंडी नाटकी वाटेल. तू आपला नेहमीसारखाच बोल. चादरींचं तेवढं उचल, कारण पावसाळ्यात तुमच्याकडे कपाटातल्या कपड्यालाही कुबट वास येतो. ऊन पडेल त्या दिवशी गाद्या अंगणात काढायच्याच.

दिवाळीनंतर आम्ही दोघं येऊ. त्याआधी एक कर. वहिनी आणि तू, एकेक रात्र प्रत्येक खोलीत झोपा. बॅग भरून जा, दार आतून लावा आणि सकाळपर्यंत घरातलं काहीही आणायला बाहेर येऊ नका. कशासाठी उठावंसं वाटलं, ते मला लिहून कळव.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन