म्युटंट मेला, पण कशानं?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

एन्झाइममधल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या जागी अलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल घातलं, एन्झाइम ठार झालं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह साइट (जिथं रासायनिक क्रिया घडते ते क्रियास्थळ) सापडली, असं तू लिहितेस. ऐकून बरं वाटलं, पण घाई होतेय. एन्झाइम मेलं एवढंच तू दाखवलंस. कशानं मेलं ते राहिलंय.

प्रथिनाची घडी विस्कटली तरी क्रिया बंद पडते, मग बदल क्रियास्थळापासून कितीही लांब केलेला असो. म्हणून आधी मूळ प्रथिन आणि म्युटंट, म्हणजे तुझं बदललेलं प्रथिन, यांचे सीडी स्पेक्ट्रम (घडी शाबूत आहे का ते दाखवणारे प्रकाशाचे आलेख) एकावर एक ठेवून बघ.

मग के-कॅट आणि के-एम वेगवेगळे काढ. के-कॅट सांगतो एन्झाइम किती वेगानं काम उरकतं; के-एम वाढला, तर बहुधा सब्सट्रेटवरची, म्हणजे ज्या रेणूवर ते काम करतं त्याच्यावरची, पकड सैल झालेली असते. प्रथिनं तोडणाऱ्या कार्बॉक्सिपेप्टिडेज ए या एन्झाइमची गोष्ट तुला ठाऊक असेलच. सब्सट्रेट आत आला की २४८ क्रमांकाचं टायरोसिन झुलत क्रियास्थळाशी येतं, हे स्फटिकरचनेत चक्क दिसत होतं. साहजिकच तोडण्यासाठी लागणारा प्रोटॉन तेच देत असणार, असं मानलं गेलं. १९८५ मध्ये त्या जागी फेनिलअलॅनिन घातलं. गेला फक्त हायड्रॉक्सिल गट, बाकी साखळी तीच. तरी के-कॅट जवळपास होता तिथंच राहिला, वाढला तो के-एम! टायरोसिनचा हात सब्सट्रेट धरण्यात होता, तोडण्यात नव्हे. असा नेमका, छोटा बदल मला अलॅनिनपेक्षा जास्त आवडतो.

आणि ते ‘क्रिया ० टक्के’ खोड बाई. सबटिलिसिन या एन्झाइमच्या क्रियास्थळातली अ‍ॅस्पार्टेट ३२, हिस्टिडिन ६४ आणि सेरिन २२१ ही तिन्ही अमिनो आम्लं काढून अलॅनिन घातली, तरी एन्झाइम नसताना जो वेग असतो त्याच्या सुमारे हजारपट वेग उरला होता. हे १९८८ चं काम. तुझं शून्य म्हणजे तुझ्या मोजणीची मर्यादा. प्रथिन वाढव, जास्त वेळ मोज. मात्र मूळ एन्झाइम शुद्ध करायला वापरलेला कॉलम म्युटंटला लावू नकोस, त्यात राहिलेला मूळ एन्झाइमचा अंशही आकडा फिरवतो.

शेवटी एक गंमत करून बघ. हिस्टिडिन गेल्यावर पडलेल्या पोकळीत बाहेरून इमिडॅझोल (हिस्टिडिनच्या टोकाशी असतो तसाच छोटा रेणू) शिरलं, तर कधी कधी क्रिया थोडी परत येते. तशी आली, तर तुझ्या दाव्याला खरं बळ. पण निकेल कॉलमवरून प्रथिन उतरवायला तू इमिडॅझोलच वापरतेस ना? तेच उरलं तर निकाल फसवा. मग आधी डायलिसिस नीट कर, म्हणजे पडद्यातून ते छोटे रेणू निघून जाऊ देत, आणि बाहेरचं बफर द्रावण दोनदा तरी बदल.

तुझा,
बाबा